मेरिट कुणाच्या बापाचं?



पेण आणि रोहा, एकाच रेल्वेलायनीवरची दोन गावं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा भावे जन्मले. त्यांनी शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं जाळली आणि १९१६ साली इंटरची परीक्षा सोडून काशी गाठली. रोह्यात चिंतामणराव देशमुखांचं बालपण गेलं. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळवली, १९१८ साली लंडनला आय.सी.एस.मध्येही पहिले. एकाने परीक्षेला लाथ मारली, दुसऱ्याने ती खिशात घातली. दोघांची हुशारी आम्ही नाकारत नाही.

पण त्याच काळात, १९०७ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव रामजी आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब. त्याला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला देवभाषा कोण शिकवणार? झक मारत फारसी घ्यावी लागली. ज्या विषयात पहिला येईल त्याला स्कॉलरशिप, आणि त्या विषयाच्या वर्गाचं दारच बंद! म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला. आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद आहेत तो सर्टिफिकिटं जाळू शकतो. आमच्या घरात तो पहिलाच कागद. माय तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवते.

आज संस्कृतच्या जागी नीट आली. २०१७ पासून महाराष्ट्रात तिच्याशिवाय एमबीबीएसचं दार उघडत नाही. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबरला चार, चुकलं की एक वजा. हा पेपर नुसत्या अभ्यासाने सुटत नाही. कुठला प्रश्न सोडायचा, कुठे किती सेकंद घालवायचे, हे दोन-दोन वर्षं टेस्ट सिरीज देऊन अंगात मुरवावं लागतं. मुरवायची दुकानं कोट्याला, लातूरला, मुंबई-पुण्याला. फी वेगळी, खोलीचं भाडं वेगळं, मेस वेगळी. यंदा नाही जमलं तर त्यांचा पोरगा ‘ड्रॉप’ घेतो. आमच्या पोराने ड्रॉप घेतला म्हणजे घरातली एक मजुरी बुडाली.

आणि आमचा पोरगा असतो कुठे? धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर, रात्रपाळीला. पोरगी पेणच्या गणपती कारखान्यात रंगकामाला. कातकऱ्यांची पोरं तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. नीट असते मे महिन्यात. तेव्हा भट्टी पेटलेली असते.

तामिळनाडूतल्या अनिताला बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क होते. हमालाची पोर, आपली पोर. नीटमध्ये मागे पडली, सुप्रीम कोर्टापर्यंत लढली, १ सप्टेंबर २०१७ ला तिने जीव दिला. बारावीला हुशार असलेली पोर चार महिन्यांत ढ झाली काय? पोर तीच होती. फूटपट्टी बदलली होती.

ज्या परीक्षेला मेरिटची देवी म्हणतात तिचं सोवळं २०२४ ला फिटलं. पहिल्या निकालात ६७ जण ७२० पैकी ७२०! १५६३ जणांना ग्रेस मार्क, तेही मागून रद्द. हजारीबाग-पाटण्यात पेपर फुटला हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, पण फेरपरीक्षा नाकारली. एन.आर.आय. कोट्यातली सीट पैशाने घेणाऱ्याला कुणी कटऑफ विचारत नाही. आमच्या सवलतीचा कटऑफ मात्र गावभर.

अमेरिकेतही हाच खेळ. तिथली कॉलेज-प्रवेशाची सॅट परीक्षा १९२६ साली कार्ल ब्रिगमने बनवली. याच माणसाने १९२३ साली पुस्तक लिहून गोरे नॉर्डिक वर, काळे तळाला, अशी बुद्धीची उतरंड मांडली होती. मनूच, फक्त आकडे घेऊन आलेला. १९३० साली त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० साली ती हटवायचं ठरवलं. एमआयटीने २०२२ साली परत आणली. का, तर गरीब वस्तीतली हुशार पोरं तिच्यामुळेच नजरेला येतात.

हे शेवटचं आपणही कान देऊन ऐकलं पाहिजे. ‘परीक्षाच नको’ ही घोषणा सोपी आहे. पण तिच्या जागी काय? इंटरव्ह्यू? तिथे पहिला प्रश्न आडनाव. वशिला? तो कुणाकडे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. उत्तरपत्रिकेवर निदान नंबर असतो, जात नसते. म्हणून परीक्षा जाळायला आम्ही निघालेलो नाही. मार्क म्हणजेच मेरिट, हे थोतांड जाळायचं आहे. २०२२ साली सुप्रीम कोर्टानेही नीटच्याच खटल्यात सांगितलं की स्पर्धापरीक्षेतल्या गुणांत मेरिट मावत नाही.

तेव्हा मागायचं ते नेमकं मागू. नीटमधून कुठल्या शाळेची, कुठल्या माध्यमाची, कुठल्या तालुक्याची किती पोरं लागली, त्यांच्या घरचं उत्पन्न किती, याचा हिशेब सरकारने दरसाल छापावा. भट्टीवर जाणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं गावातच उघडावीत, आणि ती कागदावर नकोत. प्रवेशात बारावीचे मार्क आणि घरची परिस्थितीही मोजावी. सरकार करील तेव्हा करील. तोवर शहरात नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांनी रविवारची गाडी धरावी. पेण-रोह्याच्या बौद्धवाड्यांत, आदिवासीवाड्यांत जाऊन शिकवावं. समाजमंदिराची किल्ली मागून घ्यावी, दिवा रात्री जळत ठेवावा.

महाड इथून लांब नाही. १९२३ च्या बोले ठरावाने चवदार तळं कागदावर खुलं झालं होतं. महाडच्या नगरपालिकेचाही ठराव होता. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी डोकी फुटली. परीक्षाही आज कागदावर सगळ्यांना खुली आहे.

तळं तेच आहे, दोस्तांनो. चला.

जय भीम!