आधी पाहावे, मग उघडावे



दसरा आणि दिवाळीचा पाडवा या दोन मुहूर्तांवर आपल्या बीड जिल्ह्यातील व्यापारी घरांत नवी वाहने येतात. गाडीला कुंकू लागते, नारळ वाढवला जातो, मोंढ्यातून एक फेरी होते आणि गाडी घरात येते. अलीकडे या नव्या गाड्यांत एक सोय वारंवार दिसते. डिकीचे दार हाताने उचलावे लागत नाही. चावीवरील कळ दाबली की ते आपोआप वर जाते आणि पुन्हा दाबली की खाली येऊन बसते. टाटाची हॅरियर व सफारी, एमजी हेक्टर, टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस व फॉर्च्युनर अशा गाड्यांच्या वरच्या श्रेणींत ही व्यवस्था मिळते. सोय चांगलीच आहे. खांदे आणि कंबर कुरकुरू लागलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना तर विशेष. तिला नावे ठेवण्यासाठी हे लेखन नाही. परंतु हे दार मोकळ्या जागेत जितके निर्धोक आहे तितके ते आपल्या घरांतील अरुंद जागेत नाही, आणि ही गोष्ट गाडीसोबत कोणी समजावून देत नाही.

आपली घरे कशी आहेत ते आठवावे. बीडची जुनी पेठ घ्या, गेवराई घ्या, माजलगाव घ्या. खाली दुकान किंवा गोदाम आणि वर राहते घर ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रचना. ज्या जागेत पूर्वी सरकीची पोती किंवा कापडाचे गठ्ठे रचले जात, तेथे आज गाडी उभी राहते. समोर लोखंडी शटर, मागे भिंत, डोक्यावर तुळई. फॉर्च्युनरची लांबी ४७९५ मिलीमीटर, म्हणजे सुमारे पावणेसोळा फूट आहे. जागा १८ फूट लांब असेल तर पुढे-मागे मिळून सव्वादोन फूट उरतात. तेवढ्या पट्ट्यात माणूसही उभा राहायचा, सामानही ठेवायचे आणि दारही उघडायचे.

गेल्या चातुर्मासातील एका रविवारी पहाटे आम्ही अहिल्यानगरला आनंदधामी दर्शनासाठी निघत होतो. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी होती. भिंत आणि गाडी यांमधील चिंचोळ्या जागेत आमच्या सौ. नवकारशीनंतरच्या न्याहरीचे डबे उचलण्यासाठी वाकल्या होत्या. तीन वर्षांची नात दादीचा पदर धरून शेजारी उभी होती. चिरंजीव शटरजवळ होते. आईला मदत व्हावी म्हणून त्यांनी तेथूनच चावीची कळ दाबली. दाराची खालची कड आधी मागे आली आणि मग वर जाऊ लागली. ती सौ.च्या दंडावर बसली, त्या भिंतीकडे ढकलल्या गेल्या, डबा खाली पडला. दार थांबले, किंचित परतले आणि पीं-पीं करीत राहिले. दंडावर काळानिळा वळ उमटला, यापलीकडे इजा झाली नाही. मात्र दार थांबले तेव्हा त्याची कड नातीच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होती.

प्रवासात बराच वेळ कोणी बोलले नाही. जामखेड मागे पडल्यावर सौ. एवढेच म्हणाल्या, “मला काही झालं नाही हो. पण मी वाकले नसते, तर दार आधी कोणाला लागलं असतं?”

या प्रश्नाने मला गाडीचे माहितीपुस्तक उघडायला लावले. आजवर ते विम्याच्या कागदांसोबत कप्प्यात पडून होते. बँकेत असताना कर्जदाराला करारपत्रातील प्रत्येक कलम वाचायला सांगणारा मी, घरातल्या एवढ्या मोठ्या यंत्राचे पुस्तक न वाचताच सही करून बसलो होतो.

या दाराची कार्यपद्धती थोडक्यात अशी. दाराच्या बाजूला पूर्वी वायूच्या दाबावर चालणारे दांडे असत. त्यांच्या जागी किंवा त्यांच्या जोडीला आता विजेच्या मोटारीवर चालणारे दांडे असतात. मोटारीवर किती भार येतो आणि तिची गती कशी आहे यावर एक नियंत्रक लक्ष ठेवतो. भार अचानक वाढला की काहीतरी आडवे आले असे तो समजतो, दार थांबवतो आणि उलट फिरवतो. काही गाड्यांत दाराच्या कडांना दाब ओळखणाऱ्या रबरी पट्ट्याही असतात. म्हणजे या दाराला सहसा डोळे नसतात. त्याला जे कळते ते स्पर्श झाल्यावर कळते. शिवाय दार मिटताना अखेरच्या टप्प्यात कुलूप त्याला आत ओढून घेते. तेथे लहान मुलाचे बोट सापडले तर अडथळा वेळेवर ओळखला जाईलच, याचा भरवसा धरता येत नाही.

येथे मला आपल्या पाच समितींपैकी चौथीची आठवण झाली. आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायची यतना. साधू-साध्वी पात्र उचलण्यापूर्वी पाहतात, रजोहरणाने पुंजतात, मग उचलतात. ठेवतानाही तोच क्रम. आपणही सामायिकाला बसताना आसन अंथरण्याआधी पूंजणी फिरवतो. आधी दृष्टी, नंतर स्पर्श. यंत्राचा क्रम नेमका उलटा आहे: आधी स्पर्श, नंतर ज्ञान. यंत्राकडे जी दृष्टी नाही ती आपण पुरवायची आहे. कळ दाबण्याचे काम गाडीने सोपे केले. पाहण्याचे काम तिने आपल्या अंगावरून काढून घेतलेले नाही.

ही यतना प्रत्यक्षात कशी उतरवावी, याचा क्रम आमच्या घरी आता ठरला आहे. तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मोजमाप. गाडी मोकळ्या मैदानात, सपाट जागेवर न्यावी. दार पूर्ण उघडून जमिनीपासून त्याच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतची उंची टेपने मोजावी. हे माप गाडी रिकामी असताना घ्यावे. सामान भरलेली गाडी मागून खाली बसते आणि ते उतरवले की पुन्हा वर उचलली जाते. त्यानंतर दार मागे किती येते ते पाहावे. दार वर्तुळाच्या कमानीत फिरते. त्याची बिजागरी आणि खालची कड एका आडव्या रेषेत येतात, तेव्हा ते सर्वाधिक मागे गेलेले असते. त्या ठिकाणी दार थांबवून कडेवरून ओळंबा सोडावा, जमिनीवर खडूने खूण करावी आणि बंपरपासून तिचे अंतर मोजावे.

आता घरातील जागा मोजावी. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण ते छताची उंची मोजतात. दाराला लागते ते छत नव्हे. लागते ती तुळई, शटरची गुंडाळी आणि तिची खालची पट्टी, ट्यूबलाइट, पाण्याचा नळ, इन्व्हर्टरची फळी किंवा लोंबणारी वायर. यांपैकी जे सर्वांत खाली असेल ते आपले खरे छत. शटर अर्धे उघडे ठेवण्याची सवय असेल तर तेही यात धरावे.

दुसरी गोष्ट उंचीच्या मर्यादेची. बहुतेक गाड्यांत दार किती वर जावे हे ठरवून ठेवता येते. अनेक गाड्यांत दार हव्या त्या उंचीवर थांबवून त्याच्या कडेवरील बंद करण्याची कळ काही सेकंद दाबून धरली की आवाज होतो आणि ती उंची स्मरणात राहते. काही गाड्यांत हीच व्यवस्था समोरच्या पडद्यावर असते. आपल्या गाडीची रीत तिच्या पुस्तकात पाहावी. घरातील सर्वांत खालच्या अडथळ्यापेक्षा निदान चार बोटे कमी उंची ठेवावी. बॅटरी काढली किंवा बदलली तर ही नोंद टिकली आहे ना, हे आधी बाहेर मोकळ्या जागेत तपासावे. दार हाताने वर ढकलले तर ते ठरवलेल्या मर्यादेच्या पुढेही जाऊ शकते, हेही ध्यानात असावे.

मात्र उंचीची मर्यादा घातल्याने मागच्या भिंतीचा प्रश्न सुटत नाही, कारण दार मागे येते ते उघडण्याच्या वाटेवरच. खडूच्या खुणेनंतर माणसाला उभे राहण्याएवढी जागा उरत नसेल तर सरळ निर्णय करावा: घरात डिकी उघडायची नाही. गाडी बाहेर गल्लीत काढावी, तेथे सामान भरावे. दोन मिनिटे जास्त लागतील. आमच्याकडे हाच निर्णय झाला आहे.

तिसरी गोष्ट नकळत मिळणाऱ्या आज्ञेची. काही गाड्यांत बंपरखाली पाय हलवला की दार उघडते. काहींत तर चावी खिशात ठेवून गाडीच्या मागे काही सेकंद नुसते उभे राहिले तरी उघडते. दोन्ही हातांत खोकी असताना हे सोयीचे वाटते. परंतु अरुंद जागेत गाडीच्या मागे उभे राहणे हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे. चावी जवळ असताना गाडी धुण्याच्या पाण्याचा फवारा, झाडूचा दांडा किंवा गाडीखालून जाणारी मांजर यांनाही हे यंत्र पायाची हालचाल समजू शकते. ज्यांची जागा अरुंद आहे त्यांनी ही सोय गाडीच्या व्यवस्थेतून बंद करून ठेवावी. गाडी धुताना चावी घरात खुंटीला टांगावी.

चौथी गोष्ट माणसांची. बँकेतील तिजोरीखोली एका अधिकाऱ्याला उघडता येत नाही. दोन चाव्या, दोन माणसे. एकाचे लक्ष चुकले तर दुसऱ्याचे असावे, हा त्यामागील हेतू. घरीही तोच नियम लागू करावा. कळ दाबणाऱ्याने गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी, बाजूला, दार पूर्ण दिसेल असे उभे राहावे. शटरजवळून, गाडीत बसून किंवा वरच्या मजल्याच्या गच्चीतून कळ दाबू नये. आधी मोठ्याने विचारावे आणि उत्तर आल्यावरच दाबावे. दार हलत असताना तेथून दृष्टी काढू नये. चालते दार कोणत्या कळीने जागीच थांबते, हे घरातील प्रत्येकाने आधी शिकून घ्यावे. मुलांच्या हाती चावी खेळायला देऊ नये. आडवा हात घालून दार खरोखर थांबते का, हे पाहण्याचा मोह तर कोणीही करू नये.

शेवटी दोन सूचना. दार वर टिकत नसेल, हळूहळू खाली उतरत असेल किंवा मध्येच अडखळत असेल तर ते वापरणे थांबवून गाडी कारागिराला दाखवावी. दांडे कमकुवत झाल्याचे ते लक्षण असू शकते. आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवून डिकी भरू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि उघड्या डिकीतून तो गाडीच्या आत शिरतो.

या सगळ्याला खर्च किती? एक टेप, एक ओळंबा, पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणि रविवारची एक सकाळ. लाखो रुपयांच्या गाडीवर एवढी गुंतवणूक कोणत्याही व्यापाऱ्याला जड नाही. तुळईवर जाड फोमची पट्टी चिकटवून अनेक जण निश्चिंत होतात. पट्टीने रंग वाचतो, तोही मोलाचा आहे. परंतु रंग पुन्हा देता येतो.

आमच्या घरी भिंतीपासून पुढे एक पिवळी रेघ ओढली आहे. गाडीचे इंजिन सुरू झाले की रेघेमागे कोणी थांबायचे नाही, असा नियम आहे. गल्लीत डिकी उघडताना नात ओट्यावर दादीच्या मांडीवर बसते. चिरंजीव विचारतात, “मोकळं आहे का?” ती मान वाकवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहते आणि ओरडते, “मोकळं आहे!” परवा तिने “थांबा” म्हटले. गाडीखाली मांजराचे पिल्लू बसले होते. ते निघून जाईपर्यंत आम्ही सारे थांबलो आणि दुकान उघडायला दहा मिनिटे उशीर झाला.

लेखनात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.