४५ मिनिटांचं जर्मन

शाळेची फॉरेन ट्रिप म्हटलं की आपल्या ऑफिसातल्या सीनियर मंडळींचे चेहरे बघा. निम्मा अभिमान, निम्मा ईएमआय! 'पोराला जर्मनीला पाठवतोय, लँग्वेज ट्रिप आहे,' म्हणत ते तो गुळगुळीत कागदावरचा प्रोग्रॅम आपल्यापुढे धरतात. त्यात दिवसाला दोन गावं, एक राजवाडा आणि जाम बस. मग मी हळूच विचारतो, 'यात लँग्वेज कुठेय?'

हा प्रश्न हवेतला नाही हं. भाचीच्या शाळेच्या अशाच ट्रिपला जर्मन येणारं एक मोठं माणूस सोबत हवं होतं. क्लायंट कॉल्ससाठी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात घासूनपुसून घेतलेलं माझं जर्मन तिथे कामाला आलं. भाचीचा मी मामा, बाकीच्या एकवीस पोरांचा दादा.

आधी एक अफवा मोडून काढू. जर्मन आपल्या पोरांना अवघड नाहीये. 'डेर, डी, डास' बघून इंग्रजीवाल्यांना घाम फुटतो. आपल्याकडे तो, ती, ते जन्मापासून आहेच. परक्याला 'झी', दोस्ताला 'डू', म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. 'कारण' म्हटलं की पुढच्या वाक्यातलं क्रियापद शेवटी जाऊन बसतं, ते तर अगदी घरचंच. लोच्या एवढाच, की लिंगं जुळत नाहीत. तिकडे सूर्य 'ती' आणि मुलगी चक्क 'ते'! पण 'ते कार्टं कुठे गेलं' म्हणणाऱ्या आपल्याला तेही पचतं.

मग पोरांचं घोडं अडतं कुठे? बसमध्ये.

आमची बस रोमँटिक रोडवरून निघाली. नावावर जाऊ नका, हा हनिमूनचा रस्ता नाही. व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंतच्या या रस्त्याला पर्यटनासाठी १९५० साली हे नाव मिळालं. खिडकीबाहेर सगळं भन्नाट. द्राक्षांचे मळे, तटबंदीतलं रोटेनबुर्ग, मग नॉर्डलिंगन. हे आख्खं गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्काविवरात वसलंय. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, हे पंचवीसच्या आसपास. १९७०मध्ये अपोलो-१४चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकले होते. शेवटी डोंगरावरचा नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा. सॉलिड!

आणि खिडकीच्या आत? अंताक्षरी, चकल्या आणि शुद्ध सदाशिव पेठ. साडेचार तासांत जर्मनचा एक शब्द नाही.

साडेचार तासच, कारण युरोपियन युनियनच्या नियमाने तेवढं ड्रायव्हिंग झालं की ड्रायव्हरला ४५ मिनिटं ब्रेक सक्तीचा. गाडीतलं यंत्र सगळी नोंद ठेवतं, त्यामुळे 'काका, चला ना' चालत नाही. प्रोग्रॅममध्ये या ४५ मिनिटांचा उल्लेखही नव्हता. आमची ट्रिप वसूल झाली ती तिथेच.

एका गावाबाहेरच्या सुपरमार्केटपाशी थांबलो होतो. तिकडे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं. रिकामी बाटली मशीनला दिली की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर दाखवून पैसे घ्यायचे. वर्गात जर्मनमध्ये पहिला येणारा आणि आल्यापासून तोंडाला कुलूप लावलेला आमचा एक हीरो बाटली घेऊन गेला. बाटली चेपलेली, मशीनने बाहेर फेकली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीत डोकं घातलं.

शेवटी गेला काउंटरवर. 'एन्टशुल्डिगुंग' म्हणाला आणि पुढे जे बोलला त्यात बाटलीचं लिंग बदललं, मशीनचंही बदललं. काउंटरवरच्या बाईंनी काही मार्क कापले नाहीत. त्या हसल्या, हळू बोलल्या, बाटली हातात घेऊन बघितली आणि २५ सेंट दिले. बसमध्ये ती नाणी दहा जणांच्या हातांतून फिरली. पुढच्या ब्रेकला प्रत्येकाला आपापली बाटली स्वतः परत करायची होती.

त्या रात्री यजमानांच्या घरी ब्रेड-चीजचं थंड जेवण करताना पोरगा बाटलीची गोष्ट जर्मनमध्ये सांगत होता, असं त्या घरच्या आजींनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आजी त्याला चीज कशाबरोबर खायचं ते शिकवत होत्या आणि तो त्यांना चकली.

साइटसीइंग नको, असं मी म्हणत नाहीये. आल्प्स बघायला मिळत असतील तर बघावेतच, बॉस. पण पालकांचे लाखभर रुपये 'लँग्वेज' या शब्दासाठी गेलेले असतात. बसच्या काचेतून निसर्ग दिसतो, भाषा ऐकू येत नाही. भाषा गरजेपोटी येते. भूक लागली, रस्ता चुकला, बाटली अडकली, की तोंड उघडतं.

तेव्हा तुमच्या बॉसने किंवा ताईने तो गुळगुळीत कागद पुढे धरला, तर गावं मोजू नका. तीनच गोष्टी विचारा. यजमान कुटुंबात किती रात्री? एका घरात किती मुलं? आणि दिवसातला किती वेळ पोरांना स्वतःचं स्वतः निभवायचंय? एका घरात चौघं असतील तर समजा, तिथेही अंताक्षरीच होणार.

आणि हो, चकल्या मात्र जरूर द्या. आजींसाठी.