कोंडून ठेवलेल्या ज्येष्ठ व दिव्यांग व्यक्तींना चोवीस तासांत संरक्षण आदेश मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : छळ, उपासमार किंवा कोंडवणूक सोसणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी व प्रौढ दिव्यांगांसाठी प्रत्येक उपविभागात तातडीची आदेश-व्यवस्था उभारण्याबाबत.

महोदय,

आम्ही तालुका पातळीवर ज्येष्ठ नागरिक व दिव्यांगांसाठी काम करणारे कार्यकर्ते आहोत. घरात एखाद्याला डांबून ठेवल्याची खबर आमच्याकडे बहुधा शेजारी आणतात, तीही दबक्या आवाजात. त्यानंतर कोणाकडे जायचे, याचे धड उत्तर आज एकाही कार्यालयात मिळत नाही.

एका आजींची हकीकत सांगतो. नाव-गाव मुद्दाम देत नाही. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, मागच्या खोलीला बाहेरून कडी, पासबुक व मोबाइल पुतण्याच्या ताब्यात. शेजारीण खिडकीच्या गजांतून भाकरी आणि पाण्याची बाटली द्यायची. आजींच्या डाव्या अंगठ्याला शाई लागलेली होती. कोणत्या कागदावर अंगठा घेतला, हे त्यांना सांगता येईना. पोलीस ठाण्यात ‘घरगुती वाद’ म्हणून अदखलपात्र नोंद झाली. महसूल कार्यालयात सांगितले गेले की अर्जदाराची सही आणा आणि सोमवारी प्रांतसाहेबांकडे अर्ज द्या. पुढे नोटीस निघाली, ती गेली त्याच घरी, आणि सही करून ती स्वीकारली पुतण्यानेच.

यात कायदा तोकडा पडला असे आम्हांला वाटत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम ५ नुसार ज्येष्ठ व्यक्ती असमर्थ असेल तर तिने अधिकृत केलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. या अधिनियमाखालील न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ७ त्याही पुढे जाते. छळाची खबर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो, आणि ती मिळताच छळ थांबवण्यासाठी तत्काळ पावले उचलणे त्यांना बंधनकारक आहे. पीडिताची सुटका, सुरक्षित ठिकाणी सोय आणि निर्वाह, तिन्हींचे आदेश ते देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली बेकायदा डांबलेल्या व्यक्तीसाठी उपविभागीय दंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढू शकतात. हे सारे अधिकार प्रांत कार्यालयात एकाच खुर्चीजवळ आहेत. तरीही व्यवहारात प्रत्येक प्रकरण चरितार्थाचा दावा समजून तारखांवर टाकले जाते. निर्वाह भत्त्याच्या अर्जाला कायद्याने ९० दिवस दिले आहेत. उपाशी माणसाने तितके थांबावे कसे?

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, अशी खबर तोंडी, फोनवर किंवा हेल्पलाइन १४५६७ वरून आली तरी ती नोंदवावी आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी चोवीस तासांच्या आत घरी जाऊन किंवा प्रतिनिधी पाठवून अंतरिम आदेश द्यावा. सण-उत्सवांच्या बंदोबस्तासाठी सुट्टीच्या दिवशीही दंडाधिकाऱ्यांच्या नेमणुका होतात. या कामासाठीही प्रत्येक उपविभागात तशीच पाळी लावावी आणि त्या अधिकाऱ्याचा क्रमांक प्रत्येक पोलीस ठाण्यात व ग्रामपंचायतीत ठळकपणे लावावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची व मोफत कायदेशीर मदतीची माहिती तक्रारदाराला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे; ‘घरगुती वाद’ हा शेरा मारून ते टळू नये.

भेटीच्या वेळी शासकीय वैद्यकीय अधिकारी सोबत हवेत. पीडित व्यक्तीशी बोलताना घरचे कोणी खोलीत नको. ऐकू न येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषेचा जाणकार हवा. पीडित व्यक्तीचे स्वतःचे म्हणणे ऐकण्याचा हा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संरक्षणाच्या नावाखाली माणसाला त्याच्या मनाविरुद्ध आश्रमात हलवणे हीसुद्धा कोंडवणूकच ठरेल. शक्यतो ज्येष्ठ वा दिव्यांग व्यक्ती आपल्या घरीच राहावी आणि छळणाऱ्याला बाहेर काढावे. घर खाली करून घेण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एस. वनिता आणि २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणांत मान्य केले आहे. मात्र वनिता निकालाने सुनेचा सामायिक घरातील हक्कही जपला आहे. तो डावलून आदेश निघावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

मालमत्तेबाबतही तितकीच घाई हवी. बक्षीसपत्र झाल्यावर २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ खाली दाद मागता येते खरी, पण सांभाळ करण्याची अट होती हे दाखवावे लागते, आणि खोलीत एकट्या पडलेल्या माणसाकडे त्याचा पुरावा कुठून असणार? अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या दस्तासाठी गृहभेट देताना दुय्यम निबंधकांनी नातेवाइकांना बाहेर थांबवून तिला एकट्याने विचारावे. छळाची खबर नोंदलेली असेल तर चौकशी होईपर्यंत फेरफार व पेन्शन खात्यातील उचल याबाबत तलाठी आणि बँकेला दक्षतेच्या सूचना जाव्यात.

याशिवाय प्रत्येक जिल्ह्यात तात्पुरत्या निवाऱ्याच्या काही खाटा, व्हीलचेअर जाईल अशा स्वच्छतागृहासह, राखून ठेवाव्यात.

महसूल, गृह, सामाजिक न्याय आणि दिव्यांग कल्याण हे चार विभाग यात गुंतलेले असल्याने कोणत्याही एका विभागाचे परिपत्रक पुरेसे होणार नाही. आपल्या स्तरावरून संयुक्त शासन निर्णय निघावा आणि तो ठरवताना आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ मिळावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
ज्येष्ठ नागरिक व दिव्यांग हक्क कार्यकर्ते

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग