घरे किती आणि राहती किती?

आपल्या इंदुरात घराचा विषय निघाला, की बोलणे नव्या कॉलन्यांकडे वळते. ते साहजिकही आहे. १९७१ साली ज्या शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती, ते २०११ साली साडेएकोणीस लाखांच्या पुढे गेले. २०१४ साली भोवतालची २९ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. राजेंद्रनगर एके काळी गावाबाहेरचे वाटे. आज राऊचा रस्ता वस्तीतूनच जातो. परंतु नवी घरे किती बांधावीत, हा प्रश्न दुसरा होय. असलेली घरे किती, कशी आणि कोणाच्या उपयोगाची, हा पहिला.

हा क्रम आमच्या पदरचा नव्हे. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी सिद्ध केलेला इंदूरविषयक अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आधी पाहणी, मग आराखडा, हे त्यांचे सूत्र. जुन्या वस्तीवर सरसकट नांगर फिरविण्यास त्यांचा विरोध होता. सुधारता येईल ते सुधारावे आणि अगदीच निरुपयोगी तेवढे पाडावे, असे त्यांचे मत.

शंभर वर्षांनंतरही या सूत्राची गरज संपलेली नाही. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने २०१२ साली देशातील शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची तूट सांगितली. त्याच सुमारास, २०११च्या जनगणनेत, शहरांतील १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. ही विसंगती वरवरची आहे. तुटीपैकी सुमारे दीड कोटी कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर होते. पण घरातील एखाद्या दांपत्यास स्वतंत्र खोली नव्हती. शिवाय ९५ टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. म्हणजे घर आहे आणि गरजूही आहे, परंतु दोहोंची गाठ पडत नाही.

ती का पडत नाही? कोणी घर केवळ गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावतो. कोठे वारसांचे एकमत होत नाही. कोणास १९६१च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या काळापासूनची धास्ती, की किरायेदार आला तो जाणार नाही. कोठे घर उत्तम, पण पाणी टँकरचे. नर्मदेचे पाणी शहरात १९७८ साली आले. जेथे तिची नळवाहिनी पोचली नाही, तेथील घर मोजणीत एक भरले तरी संसारास अर्धेच.

आम्हां शिक्षकांस हे सारे शाळेच्या रजिस्टरात दिसते. राजवाड्याच्या आसपासचे पत्ते विरळ होत चालले आणि दूरच्या कॉलन्यांचे वाढले. काही मुलांचे पत्ते तर दरवर्षी खोडून नवे लिहावे लागतात. अकरा महिन्यांचा करार संपला, किराया वाढला, बिऱ्हाड हलले. अशा मुलाची शाळा सुटते, सोबती सुटतात आणि अभ्यासाची घडी विस्कटते. तुटीच्या कोणत्याही तक्त्यात हे नुकसान येत नाही.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली आणि २०२५ साली तिच्यासाठी २०२७ हे वर्ष जाहीर झाले. सरकारी आकडे येतील तेव्हा येतील. आपल्या मंडळांना तोवर थांबण्याचे कारण नाही. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर येथील कार्यकर्त्यांनी गल्लोगल्ली जाऊन पाच गोष्टी टिपाव्यात: घर राहते की बंद, दुरुस्तीजोगे की मोडकळीस आलेले, खोल्या किती व माणसे किती, पाणी कोठले, आणि किराया किती.

मुले पुण्यास वा परदेशी गेल्यामुळे वरचा मजला बंद ठेवून खाली एकटे राहणारे वृद्ध दांपत्य आपल्या समाजात दुर्मिळ नाही. त्याच बाखळीत खोली शोधणारे तरुण कुटुंबही असते. एकास सोबत हवी, दुसऱ्यास आसरा. मंडळाने ओळख करून द्यावी, लेखी करार नीट करवून घ्यावा आणि दोन्ही बाजूंचा विश्वास राखावा. वीट न रचता शहरात एक घर वाढेल, आणि एका मुलाचा पत्ता रजिस्टरात यंदा तरी खोडावा लागणार नाही.