'रुग्ण परत आली नाही'

रुग्णालयाच्या फायलीत हा शेरा मी कितीदा तरी वाचला आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, केमोथेरपीची तारीख दिली आणि पुढे हे चार शब्द. जणू बाईच रुसून घरी बसली!

अशाच एका बाईला मी भेटले. कुटुंब ऊसतोडीला जाणारं. ऑपरेशन भाद्रपदात झालं. केमोचे आठ डोस, दर २१ दिवसांनी. म्हणजे अख्खा तोडणीचा हंगाम त्यात जाणार. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती मागे राहिली तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर बसते. नवरा म्हणाला, "गाठ तर काढली की ताई. आता कशाला?" तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, केमो प्रत्येकीला लागते असं नाही. गाठीचा आकार, आजार काखेपर्यंत पोचला आहे का, हार्मोन आणि हर-टू या तपासण्या काय सांगतात, यावर डॉक्टर ठरवतात. काहींना नुसत्या गोळ्या पुरतात. पण जिला केमो लागते, तिच्या शरीरात इतरत्र दडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी ती असते. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला तर जगण्याची शक्यता घटते.

मग हा दुसरा निर्णय घेतो कोण? गाठ दिसते, म्हणून ऑपरेशनला सगळं घर धावतं. केमोच्या वेळी बाई वरवर बरी दिसते, आणि बऱ्या बाईने पाच-सहा महिने विश्रांती घ्यायची हे घराला पटत नाही. त्यात डॉक्टर बोलणार नवऱ्याशी. केस गेले की लोक काय म्हणतील, ही धास्ती वेगळीच. (केस पुन्हा येतात, हे तिला कुणी सांगत नाही.) टाकलेल्या बाईचं तर रेशनकार्डच सासरी अडकलेलं असतं!

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोचा खर्च भागतो, हे खरं. पण बुडालेली मजुरी कोण देणार? क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. मग कॅन्सरच्या उपचारात मजुरी बुडणाऱ्या बाईला का नाहीत? २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. आपल्या जिल्ह्यात काम कुठवर आलं, हे मोर्चा नेऊन विचारायला हवं.

तोवर गटांना करता येण्यासारखं पुष्कळ आहे. गावात कुणाचं ऑपरेशन झालं तर तिच्या २१-२१ दिवसांच्या तारखा बचतगटाच्या वहीत लिहा. पाळीपाळीने एकीने सोबत जा. डॉक्टरांना सांगा, तिच्याशी बोला. मुकादमाशी बोलायची वेळ आली तर चौघी-पाचजणी मिळून जा.

आणि रुग्णालयांकडे एक साधी मागणी करूया. त्या शेऱ्यापुढे आणखी एक रकाना ठेवा: का आली नाही? तो भरायचा तर कुणाला तरी तिच्या दारापर्यंत जावंच लागेल.