आधी कोणी कोणाला सोडले?

हरणाऱ्या संघाला सोडून तरुण चाहते शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळतात, ही फुटबॉलमधील जुनी तक्रार. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातून पाहताना मला ती उलटी वाटते. येथून जवळच, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर २०१४ पासून खेळणारा दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी एफसी पुणे सिटी बंद पडला. त्या जागी हैदराबाद एफसी आला. २०२२ मध्ये विजेता ठरलेला हा संघही २०२५ मध्ये दिल्लीत येऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. बदल्यांना सरावलेल्या या सरकारी वसाहतीनेही अचंबित व्हावे!

याउलट, १९२० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट बंगालने अलीकडे अनेक मोसम तळाशी काढले, तरी त्याचे चाहते मोहन बागानकडे गेले नाहीत. मालकांचा तोटा खरा असेल. पण जर्मनीत, काही अपवाद वगळता, क्लबमधील बहुमत सभासदांकडेच असते. आपल्या महासंघाने निदान स्थलांतरापूर्वी चाहत्यांचे म्हणणे ऐकण्याची अट परवान्यात घालावी. निष्ठा मागणाऱ्याने आधी स्वतः मुक्काम टिकवावा.