वजनकाटा अर्धेच सत्य सांगतो

शाळेत आरोग्य तपासणी झाली की तुमची उंची आणि वजन नोंदवले जाते. वजन बेताचे भरले, तर "हा सडपातळच आहे, याला व्यायामाची काय गरज?" असे मोठी माणसे म्हणतात. पुढे दहावीचे वर्ष आले की खेळाचा तास गणिताला दिला जातो. या दोन्ही गोष्टी शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. कसे ते पाहू.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की जो निर्देशांक मिळतो, तो दोघांचाही २२.३ होता. म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच! परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील मेद मोजला, तेव्हा तो डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला. डॉ. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, डॉ. याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते आणि व्यायामही फारसा नव्हता.

ही गोष्ट केवळ शहरातील डॉक्टरांची नव्हे. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके मोजली. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, स्नायूंनी कमी होती; पण कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. तेव्हा सास्तूरचा काटकुळा मुलगाही आतून मेदस्वी असू शकेल.

आता एक गणित करू. तुमचे वजन ५० किलो आहे आणि तुम्ही ३०० मीटर उंचीची टेकडी चढलात. केलेले कार्य ५० × ९.८ × ३०० = १,४७,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ३५ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २५ टक्के धरली, तर खर्च झाली १४० किलोकॅलरी. एक ग्रॅम मेदात सुमारे ९ किलोकॅलरी असतात. म्हणजे एवढी चढण चढून जळला फक्त १५-१६ ग्रॅम मेद. एक मोठा चमचा तेल!

मग व्यायाम कशासाठी? येथे संप्रेरकांचा प्रवेश होतो. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. ते मेदपेशींना साठवण करण्याचा आदेश देते आणि साठ्याला कुलूप लावते. आपण धावू लागलो, की इन्शुलिन उतरते आणि ॲड्रेनॅलिन व तिच्यासारखी संप्रेरके वाढतात. कुलूप उघडते, मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायू ती प्राणवायूच्या साहाय्याने जाळतात. जळलेला मेद घामातून वाहून जात नाही. त्याचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो. घाम काढणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती म्हणूनच निरर्थक होत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतो आणि व्यायामानंतर कित्येक तास थोड्या इन्शुलिनलाही चांगला प्रतिसाद देतो. बसून राहणाऱ्याचा स्नायू हळूहळू बहिरा होतो; स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन ओतावे लागते. वर्षानुवर्षे असे चालले, की मधुमेहाची वाट मोकळी होते. व्यायामाचा हा लाभ वजनकाट्यावर कोठेच दिसत नाही.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगतो. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे शरीरात काही मेद वाढतो. तो निसर्गाने ठेवलेला आवश्यक साठा आहे. त्याला भिऊन उपाशी राहणे हे अज्ञान होय. परंतु आठवी-नववीत पोहोचताच मुलींचे मैदान सुटते, हे मात्र निसर्गाने ठरवलेले नाही. ते आपण ठरवले आहे.

कोणी म्हणेल, खेड्यातील मुले शेतात राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? राबणाऱ्यांना नको असेल. पण मोटारसायकलवरून शाळेत येणारी आणि शिकवणीहून घरी जाऊन मोबाइल धरणारी मुले आता खेड्यातही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे हालचालीची शिफारस केली आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या पुरेशा आहेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की वेळापत्रकातला तो तास कापू नका. आणि विद्यार्थ्यांनो, तो कापला गेला, तर नम्रपणे पण ठामपणे परत मागा. मागताना वरचे गणित फळ्यावर करून दाखवा; आणि ते कोठे अपुरे पडते, तेही सांगा.